चोवीस इंची बार

आमचं दुकान झाडं कापायच्या मशिनींच्या दुरुस्तीचं. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल, आणि भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले बार. बार म्हणजे ती लांब चपटी पोलादी पट्टी, जिच्या कडेने चेन फिरते आणि लाकूड कापलं जातं. एखादं नवं गिऱ्हाईक मस्करी करायचं, "वहिनी, पाटीवर 'सर्व मापांचे बार' वाचून मोठ्या आशेने आलो, आणि इथे प्यायला फक्त पाणी!" मी म्हणायची, "तेही मागितलं तरच."

काउंटरवर मी आणि टेबलावर हे, अशी एकतीस वर्षं गेली. लग्न होऊन आले तेव्हा मला नट आणि स्क्रू यांतला फरक कळत नव्हता. पुढे पुढे चेन हातात घेतली की तिचे आतले दात मी गप्पा मारता मारता मोजायला लागले. ह्यांचं बोलणं कमी. दिवसभरात चार वाक्यं, त्यातली दोन मशीनशी. पण एक हट्ट पक्का होता. चुकीच्या मापाचा भाग हे कुणाच्या बापालाही बसवून द्यायचे नाहीत. "गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येईल," म्हणायचे, "बोट गेलं तर दुसरं येत नाही."

आमचा जावईसुद्धा आधी गिऱ्हाईकच होता. सहा फूट दोन इंच उंच, दारातून वाकून आत यायचा. पहिल्यांदा आला तो तक्रार घेऊन, की मशीन आवाज फार करते पण कापत काही नाही. त्या दिवशी काउंटरवर माझी लेक बसली होती. ठमी म्हणायचे हे तिला, लहानपणी गुबगुबीत होती म्हणून. दुकानातच वाढलेली, कानस घेऊन चेनला धार लावण्यात कुणाला हार जायची नाही. तिने मशीनकडे नुसतं पाहिलं आणि खो खो हसत सुटली. पठ्ठ्याने चेन उलटी बसवली होती. "लाकूड बिचारं कापून घ्यायला तयार आहे हो," ती म्हणाली, "तुम्हीच त्याला पाठ दाखवताय." हे नंतर कौतुकाने सांगायचे, "चेन उलटी होती, पण पोरगा तिथेच कापला गेला." वर्षाच्या आत आम्ही लग्नाचा बार उडवून दिला.

सोन्यासारखा संसार चालला होता. फक्त सहा वर्षं पाळणा हलला नव्हता. डॉक्टर, गोळ्या, तपासण्या, आणि दर महिन्याला लेकीचा तो एक दिवस, ज्या दिवशी तिला फोन करायचा नाही हे मला न सांगता कळायचं.

त्या वर्षी मोठं वादळ झालं. गावभर झाडं आडवी झाली. जावई आणि त्याच्याबरोबर काम करणारा खारू यांना जेवायला फुरसत नव्हती. खारू म्हणजे चाळिशीचा, बुटका, वायरीसारखा माणूस. खारीसारखा सरसर वर चढतो म्हणून सगळे त्याला खारू म्हणतात. वरचं काम त्याचं, खालचं जावयाचं.

एका दुपारी जावई दारातून वाकून आत आला. काखेत मशीन.

"मामा," तो म्हणाला, सासऱ्याला तो मामा म्हणायचा, "बार वाढवून हवाय. अठराचा काढा आणि चोवीसचा बसवा."

"नाही," हे मान वर न करता म्हणाले.

"ऐकून तर घ्या."

"मशीन साठ सीसीची आहे. मधल्या ताकदीची. तिला अठरा बरा, वीस चालेल. माणसाने अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"मामा, माझे पाय जन्मापासून अंथरुणाबाहेर आहेत," जावई म्हणाला आणि ह्यांना हसू फुटलं. तेवढ्याची वाट बघत असल्यासारखा तो स्टूल ओढून बसला आणि सांगायला लागला. शाळेच्या मागच्या अंगणात जुनं झाड मुळासकट कलंडून भिंतीला टेकलंय. बुंधा बावीस इंच. एका बाजूला भिंत, त्यामुळे दोन्हीकडून कापता येत नाही. अठराचा बार पलीकडे पोचतच नाही. मोठी मशीन आणायची तर ती ज्याच्याकडे आहे त्याची पंधरा दिवस रांग. आणि सोमवारी शाळा उघडणार.

"पोरं त्या भिंतीलगतच खेळतात, मामा."

ह्यांनी बराच वेळ मशीन उलटसुलट केली. मग मला म्हणाले, "चोवीसचा काढ. आणि चौऱ्याऐंशी दातांची चेन दे, सुट्या दातांची."

मी भिंतीवरून बार उतरवला. माझ्याच हाताने. सुटे दात म्हणजे चेनवर कापणारे दात नेहमीपेक्षा लांब लांब असतात. लाकडाचा भुसा लवकर बाहेर पडतो आणि इंजिनावर भार कमी येतो. चेनच्या आतल्या बाजूचे दात, जे बारच्या खाचेत बसतात, ते मी दोनदा मोजले. चौऱ्याऐंशी. ह्यांनी खाचेची रुंदी मापाने तपासली, जुना बार काढून आतला भुसा ब्रशने साफ केला, तेलाचं बारीक भोक तारेने मोकळं केलं. नवा बार बसवला, चेन चढवली, टोक वर उचलून धरत नट आवळले. चेन खालून ओढून पाहिली, हाताने फिरवून पाहिली. मग मशीनच्या पोटाकडचा स्क्रू फिरवून तेल शेवटपर्यंत वाढवलं, कारण लांब बारला तेल जास्त लागतं. बाहेर नेऊन मशीन चालू केली आणि बारचं टोक एका पुठ्ठ्यासमोर धरलं. पुठ्ठ्यावर तेलाची सरळ रेघ उमटली. तेव्हा कुठे ह्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"आता ऐक," हे म्हणाले. "दाबायचं नाही. तिच्या चालीने खाऊ दे. टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागू द्यायचा नाही, मशीन उसळून तोंडावर येते. चेन तापली की सैल पडते, थांबून आवळायची. पाचर मारल्याशिवाय अर्ध्याच्या पुढे जायचं नाही. मशीन खाली ठेवायची तर ब्रेक लावूनच. आणि हे काम झालं की चोवीसचा परत आणून दे."

"हो, हो, हो आणि हो."

"आणि वर बघ. नेहमी वर बघ."

"वर एक फांदी तुटून लटकलीय, शेजारच्या झाडात. तिच्याखाली दोरी बांधून जागा बंद केलीय. वारा पडला की खारू ती उतरवणार."

जाताना तो काउंटरशी थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "मामी, उद्या हिचा रिपोर्ट आहे. मी येतो बरोबर म्हटलं, तर नको म्हणाली. दर वेळी दोघांनी तोंडं पाडून परत यायचं, त्यापेक्षा एकीनेच पाडलेलं बरं, म्हणे. फोन करते म्हणालीय." मग एकदम हसला. "मी आपला फोन जॅकेटात ठेवतोय. उगीच आधीच चांगल्याचं नाव घ्यायला नको."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला लेकीचा फोन आला, पण मला.

"आई." एवढंच. मग श्वास. मग, "आई, हो म्हणाल्या गं डॉक्टर. आहे म्हणाल्या."

मी ओरडलेच. ह्यांनी कानस खाली ठेवली, फडक्याने हात पुसले, परत पुसले, आणि फोन कानाला लावून नुसते उभे राहिले. शेवटी म्हणाले, "ठमे, पायऱ्या हळू उतर." पलीकडून तिचं हसणं मला काउंटरवर ऐकू आलं.

"ह्याला आधी फोन केला," ती मला म्हणाली, "उचलतच नाहीये. मशीन चालू असणार. आता बसते इथेच बाकावर, थोड्या वेळाने करते."

अर्ध्या तासाने खारूचा फोन आला. तो काय बोलला ते मला आठवत नाही. खारू रडत होता आणि मी त्याला पुन्हा पुन्हा म्हणत होते, "नीट बोल, खारू, नीट बोल." लटकलेली फांदी खाली आली होती. जावयाच्या डोक्यात बसली होती. जागच्या जागी गेला.

हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या लेकीला सांगायला आम्ही दोघं गेलो. आम्हाला बघून ती उठली, हसत हसतच. तिला वाटलं, आनंदाने धावत आलेत.

त्याबद्दल मी जास्त सांगत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी खारू मशीन घेऊन दुकानात आला. ती आमच्याकडेच ठेवा म्हणाला, त्याला बघवत नव्हती. ह्यांनी मशीन टेबलावर घेतली. डॉक्टरने नाडी बघावी तशी तपासली. चेन नीट ताणलेली. बारच्या खाचेत तेल. नट घट्ट. कुठे निळसर डाग नाही, म्हणजे तापलेली नव्हती. ब्रेकचा दांडा पुढे ढकललेला.

"ब्रेक लावलेला आहे," हे म्हणाले.

"हो."

"म्हणजे त्याने ती खाली ठेवली होती."

खारू स्टुलावर बसला आणि तोंड झाकून घेतलं. "बंद होती, मिस्त्री. काम झक्क चाललं होतं. बार लोण्यातून जावा तसा जात होता. पाचर मारलेली. आम्ही पेट्रोल भरायला थांबलो, आणि तेवढ्यात फोन वाजला. जॅकेट पलीकडे, भिंतीच्या टोकाला लटकवलं होतं. आवाज ऐकला, तसा 'आला!' म्हणाला. मशीन ठेवली, ब्रेक लावला, हेल्मेट काढलं, कानाला फोन लावायचा ना, आणि धावला. सरळ धावला. दोरी... दोरी ओलांडून. मी ओरडलो. वारा होताच. लहान पोरासारखा हसत धावला, मिस्त्री."

बाहेर एक ट्रक मागे मागे येत होता, त्याचा भोंगा तेवढा वाजत होता.

"तिला काय सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.

"बारा वाजता झालं म्हणालो. तोंडाला आलं ते बोललो. तिचा फोन अकरा वीसचा आहे. पण मला ती रोज विचारते, मिस्त्री. वर का नाही बघितलं त्याने, काय करत होता. मी काय सांगू?"

दुपारी आम्ही तिघं लेकीकडे गेलो.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत जावयाची आई भिंतीला टेकून बसली होती, शेजारच्या दोन बाया होत्या. लेक खाली फरशीवर, त्याचा शर्ट मांडीवर. खारूला बघताच म्हणाली, "आज खरं सांगायचं. तो नेहमी वर बघायचा. रस्त्याने चालतानासुद्धा झाडं बघत चालायचा. त्या दिवशी का नाही बघितलं? काय करत होता?"

खारूचे ओठ हलले. लेकीची सासू, म्हणजे माझी विहीणबाई, तीही मान वळवून त्याच्याकडे बघायला लागली. मला दिसलं, की तो आता सांगणार. खोटं पचवायची ताकद त्या माणसात नाही.

"बार अडकला होता," हे म्हणाले.

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं.

"चोवीसचा बार. बुंध्यात आवळला गेला. तो खाली वाकून ओढत होता. म्हणून वर बघितलं नाही."

लेकीने मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला. ती दुकानात वाढलेली. तिला थापा मारणं सोपं नव्हतं.

"पाचर?"

"पाचर पुरली नाही."

"का अडकेल? सुट्या दातांची चेन होती ना?"

"मशीनला बार पेलला नाही. साठ सीसीला चोवीस जास्तच. मला माहीत होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तुम्ही कुणाच्या बापाला चुकीचं बसवून देत नाही, बाबा."

"चुकलो," हे म्हणाले. "तो हट्टाला पेटला आणि मी बसवून दिला. चुकलो."

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. एकतीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. माझं तोंड मिटलं.

लेक उठली. ओरडली नाही. तिने दार उघडून धरलं आणि म्हणाली, "जा. पुन्हा माझ्यासमोर येऊ नका."

जिन्यात दुसऱ्या मजल्यावर हे मटकन पायरीवर बसले. खारू पुढे निघून गेला होता, तो खाली ढसाढसा रडत होता. मी म्हटलं, "हे काय केलंत? स्वतःच्या हाताने स्वतःचं घर का जाळलंत?"

"तिला कुणावर तरी राग धरायचाच आहे," हे म्हणाले. "माझ्यावर धरला तर जेवेल, झोपेल. फोनचं कळलं तर स्वतःवर धरेल. पोटात जीव आहे तिच्या. आणि तिच्या सासूला कळलं तर तीही तिच्यावरच धरेल. घरात दोघीच उरल्यात." थोड्या वेळाने म्हणाले, "माझं काय, माझे दिवस होत आले." हे तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते.

मग मला शपथ घातली. खारूलाही घातली. खारूचं एक समजू शकते, पण मी बाई माणूस, आई, माझ्या पोटात ही गोष्ट कशी राहायची याचा विचार ह्यांनी केला नाही.

गोष्ट पसरायला वेळ लागतो का? मिस्त्रीने चुकीचा बार बसवला आणि जावई गेला. तोंडावर कुणी बोललं नाही. पण जुनी गिऱ्हाइकं मशीन घेऊन जाताना पुन्हा नट तपासायला लागली. एकाने तर आमच्यासमोर मोबाइलवर माप पडताळून पाहिलं. हे शांतपणे उभे राहून त्याला नीट प्रकाश पडावा म्हणून दिवा जवळ धरत होते. मी आत जाऊन डोळे पुसले. ज्या एका गोष्टीचा ह्या माणसाला अभिमान होता, तीच ह्याने काढून देऊन टाकली होती, आणि जिला दिली तिला तिची किंमतही कळू द्यायची नव्हती.

मुलगी झाली. मी बाळंतपणाला लेकीकडे राहिले. परत आले की हे काही विचारायचे नाहीत, फक्त माझ्या फोनकडे बघायचे. मी फोटो काढून द्यायची. ग्रीसने काळा झालेला अंगठा आधी शर्टाला पुसून मग हे फोटो मोठा करायचे. "कान त्याच्यावर गेलेत," म्हणायचे. "उंच होणार."

पोरगी दीड वर्षाची झाली तेव्हाची गोष्ट. हे बाजारातून आले आणि चपलाही न काढता खुर्चीत बसून राहिले. पिशवी हातातच. मी खोदून खोदून विचारल्यावर म्हणाले, "समोरून येत होती. कडेवर मुलगी. मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. गाड्या न बघता ओलांडला गं रस्ता. मुलगी कडेवर होती." ह्यांना दुःख कशाचं, तर तिने गाड्या बघितल्या नाहीत याचं.

त्या क्षणी मी ठरवलं, शपथ गेली खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी लेकीकडे गेले. सासू बाहेर गेली होती. मुलगी आत झोपली होती. लेक लहान लहान कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "मला तुझ्याशी बोलायचंय. त्या दिवसाबद्दल."

"मलाही बोलायचं होतं कधीचं," ती म्हणाली. आणि मी सुरू करायच्या आत तीच बोलायला लागली. "आई, लोक म्हणतात बिचाऱ्याला मुलीचं कळलंसुद्धा नाही. मला आधी तेच खुपायचं. आता मी रात्री काय म्हणते माहीत आहे? बरं झालं. बरं झालं माझा फोन त्याला ऐकू गेला नाही. मशीन चालू होती म्हणून नाही गेला. गेला असता तर तो धावलाच असता, तुला माहितीय तो कसा होता. पडला असता, कापला असता, काहीही झालं असतं. मग मी काय केलं असतं गं? ह्या पोरीकडे बघू शकले असते का?"

तिच्या हातात गुलाबी झबलं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, हिला कुठून काही कळलं तर नाही ना. नव्हतं कळलं. ती मनापासून बोलत होती. तेवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती, आणि मी ती काढून घ्यायला आले होते.

"तू काय म्हणत होतीस?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "ह्यांना माफ कर, एवढंच."

तिने झबल्याची घडी मोडून पुन्हा घातली. "ते सोडून बोल," म्हणाली.

घरी आल्यावर ह्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि सगळं ओळखलं. "नाही ना सांगितलंस?" मी मान हलवली. ह्यांनी चहा टाकला. एकतीस अधिक दोन, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी माझ्यासाठी चहा टाकला, आणि साखर विसरले. मी तो तसाच प्यायले.

पुढच्या वर्षी हे टेबलावर काम करता करता कोसळले. हृदयाचा झटका, फार मोठा नाही, पण दुकान बंद करा असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी लेकीला फोन करून एवढंच कळवलं, ये म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला ती आली. मुलीचं बोट धरून पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"हे कोण?" मुलीने विचारलं.

"आजोबा," लेक म्हणाली.

हे उठून बसायला लागले. "पडून राहा," ती म्हणाली. उशाजवळचा पाण्याचा ग्लास रिकामा होता, तो तिने भरून जवळ ठेवला. चादर पायांवर ओढली. मुलगी ह्यांच्या हाताला लावलेल्या नळीकडे टकामका बघत होती. हे तिच्याकडे बघत होते, आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुसलं.

निघताना लेक दाराशी थांबली. "मी विसरले नाहीये," ती म्हणाली. "असं समजू नका."

"नको विसरूस," हे म्हणाले.

ती गेल्यावर मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. एक नर्स आली, म्हणाली, "काकू, पेशंट बरे आहेत की, कशाला रडताय?" तिला मी काय सांगणार?

दुकान आम्ही खारूला दिलं. तो आता झाडांवर चढत नाही. रविवारी लेक मुलीला आमच्याकडे पाठवते. स्वतः वर येत नाही, खाली फाटकाशी येऊन थांबते. मी खाली जाऊन मुलीला घेऊन येते आणि संध्याकाळी पोचवते. तेवढा दिवसभर हे तिच्याशी बोलतात. आयुष्यभर न बोललेलं सगळं बोलतात. दिवे लागायच्या सुमारास मी मुलीला जिन्यावरून खाली नेते, तेव्हा हे खिडकीत येऊन उभे राहतात, पडद्याच्या जरा मागे, दिसणार नाही असे.

गेल्या रविवारी मुलीचा हात माझ्या हातातून घेताना लेक म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेतात ना?"

"घेतात."

"बरं," म्हणाली, आणि मुलीला घेऊन गेली.

मी वर आले आणि ह्यांना सांगितलं. ह्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. कशी म्हणाली, कुठे उभी होती, आधी काय म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. मग हे गोळ्यांची डबी घेऊन आले, माझ्यासमोर बसले आणि रात्रीची गोळी होती ती वेळ व्हायच्या आधीच घेऊन टाकली.